एक जेवण, तीन डोस

"हे उपासाला चालतंय काय?"

बेळगावातल्या एका दवाखान्याच्या खिडकीमागं उभा राहून मी जवळजवळ तीस वर्षं औषधं बनवली, आणि या तीस वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा. औषध कडू आहे का, गुण कधी येईल, हे सगळं नंतर. हातात बाटली पडली की माणूस ती उजेडात धरून बघायचा, हुंगायचा आणि खिडकीशी वाकून हळूच हे विचारायचा.

आमच्या भागात उपास न करणारं घर शोधावं लागलं असतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी हे तर चालूच. चातुर्मासात बायका एकभुक्त राहायच्या, म्हणजे दिवसाकाठी एकदाच जेवायचं आणि पानावरून उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात काही घालायचं नाही. निपाणी-चिकोडीकडची जैन मंडळी सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब घेत नसत. कॅम्पातले खानसामे रमजानात रोजे धरायचे. आणि हीच सगळी माणसं ताकदीचं औषध न्यायला आमच्याकडं यायची. उपास करणाऱ्याला टॉनिक कशाला, असं आजची तरणी पोरं मला हसून विचारतात. अरे बाबांनो, व्रत सोडायचं नव्हतं आणि काम सुटत नव्हतं. दिवसभर माग चालवायचा, भात लावायचा, भाकऱ्या थापायच्या, आणि पोटात काही नाही. मग डोळ्यांपुढं अंधारी आली की डॉक्टरकडं.

आमचा धंदा तेव्हा कसा चालायचा, हे थोडक्यात सांगतो. तयार औषधं फार थोडी. डॉक्टर आतून इंग्रजीत चिठ्ठी लिहून पाठवायचे. मी कंपाउंडर, म्हणजे ती चिठ्ठी वाचून काचेच्या मापानं अर्क मोजायचे, खलात पूड घोटायची, पाणी घालून मिक्श्चर बनवायचं आणि पेशंटनं घरून आणलेल्या बाटलीत ओतायचं. मग कागदाची पट्टी घ्यायची, घडी घालून कात्रीनं खाचा पाडायच्या आणि खळीनं बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. माझ्या खाचा इतक्या सारख्या असायच्या की डॉक्टर नव्या लोकांना त्या दाखवायचे. माप चुकलं असं तीस वर्षांत एकदाही झालं नाही. हे फुशारकीनं सांगत नाही, असं म्हणणार होतो. पण खरं म्हणजे फुशारकीनंच सांगतोय.

ताकदीच्या औषधात लोह असायचं. चव गंजलेला खिळा चोखल्यासारखी, दात काळे पडायचे, आणि रिकाम्या पोटी घेतलं तर आतडी पिळून निघायची. माशाचं तेल तर त्याहून वाईट. उपाशी पोटी चमचाभर घेतलं की दिवसभर ढेकर बंदरावरचे. म्हणून आमच्या बहुतेक बाटल्यांवर माझ्या वळणदार अक्षरात एकच ओळ असायची : दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. मी ती किती हजार वेळा लिहिली असेल देव जाणे.

उपासाच्या गिऱ्हाइकांना सांभाळणं ही एक वेगळीच विद्या होती आणि ती मला पूर्ण येते अशी माझी समजूत होती. एक निवृत्त कारकून होते, सोवळ्याचे कडक. बाकीचे दिवस ते टॉनिकला हात लावत नसत, पण एकादशीला मात्र डोस चुकवत नसत. त्या टॉनिकात औषध टिकावं म्हणून बऱ्यापैकी स्पिरिट असायचं. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "कंपाउंडर, ह्या औषधानं नामस्मरणात गोडी वाटते हो." मी म्हटलं, लागू पडलंय म्हणायचं.

दुसरे एक निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. पोरगी अशक्त म्हणून मोटारीनं बेळगावला आणली होती. डॉक्टरांनी कॉडचं तेल लिहून दिलं. बाटली हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "ह्यो कॉड म्हंजे कुठलं झाड वो?"

आता ते जैन. झाड म्हणून सांगितलं असतं तर पोरीला तेल मिळालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण मी सांगितलं, "झाड न्हवं शेटजी, मासा." त्यांनी बाटली निखारा ठेवावा तशी खाली ठेवली, बाहेर जाऊन नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि परत येऊन म्हणाले, "खरं सांगितलासा, लई उपकार झाले." डॉक्टरांनी मग पोरीला लोणी, तीळ आणि नाचणीची आंबील सांगितली, लोहाचं औषध लिहिलं, आणि त्याचा संध्याकाळचा डोस सूर्य बुडायच्या आत घ्यायचा असं मी बाटलीवर वेगळं लिहून दिलं. पुढं त्या भागातली कितीतरी घरं आमच्याकडं येऊ लागली. त्या खिडकीवर खोटं सांगत नाहीत, असं तिकडं बोललं जातं हे ऐकून माझी मान ताठ झाली होती. उपासाचं कुठलंही गणित आपल्याला सुटतं, असं मला वाटायला लागलं होतं. गंगाक्का आली ती त्याच दिवसांत.

गंगाक्का शहापूरची. कोष्टी घराण्यातली विधवा, दीर रामाप्पाच्या घरात राहायची. रामाप्पा मागावर लुगडी विणायचा आणि ही रहाटावर कांड्या भरून द्यायची. तिचा एकुलता एक मुलगा परशराम पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला होता. सिंगापूर पडलं आणि त्याची पत्रं बंद झाली. सरकारी कागद आला, त्यात बेपत्ता एवढंच होतं. मेला म्हणून नाही आणि आहे म्हणूनही नाही. त्या दिवशी गंगाक्कानं देवापुढं संकल्प सोडला की परशा उंबरा ओलांडून घरात येईपर्यंत एकभुक्त. चातुर्मासापुरतं नव्हे, कायमचं.

दीड वर्ष तिनं ते पाळलं. मग रहाटाजवळ एकदा चक्कर येऊन पडली तेव्हा रामाप्पानं दटावून तिला दवाखान्यात आणलं. डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या. डॉक्टरांनी लोह लिहिलं, भूक लागावी आणि नसांत जोर यावा म्हणून त्यात कुचल्याच्या अर्काचे थोडे थेंबही लिहिले. कुचला म्हणजे आपल्या खानापूरच्या रानात होणारं काजऱ्याचं बी. थेंबानं दिलं तर औषध, जास्त झालं तर जहर. त्या काळी टॉनिकात तो सर्रास असायचा.

"उपासाला चालतंय न्हवं?" तिनं विचारलंच.

"चालतंय आक्का. औषधाला उपास लागत न्हाय," मी म्हटलं. "बारा डोस हायत. रोज तीन, जेवणानंतर. चार दिवसांनी बाटली घेऊन या."

मागं लढाईच्या दिवसांतली गर्दी होती. मी पुढची चिठ्ठी घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला रामाप्पा धावत आला. अंगाला सुताचे तुसे तसेच. "वैनी ताठ झालीया," एवढंच त्याला बोलता येत होतं. डॉक्टर आणि मी टांग्यानं निघालो. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. एक रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं, पेशंट मात्र आमचेच असायचे.

घरात शिरलो तर गंगाक्का घोंगड्यावर पडलेली. जबडा आवळलेला, हातपाय ताठ. शुद्ध मात्र पूर्ण होती, आणि डोळ्यांत जी भीती होती ती मी आजही विसरलेलो नाही. शेजारच्या घरातल्या मागाचा फटका पडला की तिचं सगळं अंग उडायचं. डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं आणि माझ्याकडं वळून बघितलं. कुचला चढला होता. त्यात आवाज, उजेड, स्पर्श, कशानंही झटका येतो, आणि झटक्यात श्वास अडकला तर माणूस जातो.

"गल्लीतले माग बंद करा," डॉक्टर म्हणाले. "सगळे."

रामाप्पा बाहेर पळाला. मला वाटलं, पोटावर पाय देऊन कोण थांबवणार? पण एक माग थांबला, मग दुसरा, मग पलीकडच्या बोळातला. थोड्या वेळात सगळी गल्ली गप्प झाली. शहापुरात जन्म काढलेल्या माणसांनी भर दुपारी अशी शांतता कधी ऐकली नव्हती. विणकर आपापल्या उंबऱ्यावर येऊन बसले, पोराबाळांना तोंडावर बोट ठेवून आत घेतलं. खिडकीला घोंगडं लावून डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं आणि आम्ही अंधारात बसून राहिलो.

मी बाटली तपासली. रिकामी. बारा डोस, चार दिवस, हिशेब बरोबर. माझं मापही बरोबरच होतं, ते मी मनात तीनदा मोजून काढलं. मग मी रामाप्पाला कोपऱ्यात घेऊन कुजबुजत विचारलं, "आज सकाळी किती घेतलं?"

"सकाळी कुठलं? सकाळी जेवतीया कुठं ती? एकभुक्त हाय न्हवं."

"मग कधी घेतलं?"

"दुपारी जेवल्यावर. तिन्ही."

"तिन्ही एकदम?"

रामाप्पानं माझ्याकडं असं बघितलं की वेडा मीच. "रोज तीन, जेवणानंतर, असं तुम्हीच सांगितलासा की. जेवण एकच, मग तीन एकदमच घ्यायची न्हवं?"

तिनं काही चुकवलं नव्हतं. माझा शब्द न् शब्द पाळला होता, खाचा मोजून, जेवण झाल्या झाल्या. त्यातून त्या दिवशीचे डोस तळाचे. औषध खाली बसतं, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून घ्या असं सांगायचं असतं. ते मी तिला सांगितलं होतं का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तिचा जबडा सैल पडला. तिनं पाणी मागितलं. ती वाचली होती. झटके कशानं आले ते कुणाला न सांगता डॉक्टर उठले, रामाप्पानं बाहेर जाऊन सांगितलं आणि एकेक माग पुन्हा चालू झाला.

तिथं हे संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. तीन दिवसांनी रामाप्पा पुन्हा खिडकीशी आला. धावत नव्हे, हळूहळू.

"वैनी जेवंना झालीया," तो म्हणाला. "एक येळ बी न्हाय. नुसतं पाणी. म्हणतीया, व्रतात असून अवशीद खाल्लं, देवाला आवडलं न्हाय. देवानं अंग पिळून दावलं. आता परशाचं काय तरी वंगाळ झालं असणार म्हणतीया. त्याच्या जिवासाठी आता अन्नच नगं म्हणतीया."

गल्लीतल्या बायकांनीही तेच धरलं होतं. डॉक्टर जाऊन आले. गंगाक्कानं भिंतीकडं तोंड करून घेतलं. तिच्या अंगात रक्त किती उरलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. असे आणखी पाचसहा दिवस निघाले नसते.

"मी जाऊन सांगतो," मी डॉक्टरांना म्हटलं. "देवाचा कोप नव्हे, आमची चूक."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण दवाखाना त्यांनी हातांनी उभा केला होता. म्हणाले, "चिठ्ठी बरोबर, माप बरोबर, लेबल बरोबर. चूक कसली? आणि आपण जहर दिलं असं तुझ्या तोंडून निघालं, तर उद्या शहापूरचा एक माणूस इथं फिरकणार नाही. तुझी नोकरी कशातून चालते ते ठाऊक आहे ना?"

"सगळं बरोबर होतं," मी म्हटलं, "पण बाई जेवते किती वेळा, हे कुणी विचारलं?"

त्यांनी नवी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "टांग्यानं जा. चालत वेळ लागेल."

मी रामाप्पाला सांगितलं, शेजारपाजारच्यांनाही बोलाव. एकटीला सांगून उपयोग नव्हता, गल्लीनं पुन्हा तिच्या मनात तेच भरवलं असतं. घराच्या पुढच्या सोप्यात दहाबारा जणं जमली. गंगाक्का आत भिंतीकडं तोंड करून पडलेली. आयुष्यभर खिडकीच्या आड उभा राहिलेला मी, मला असं चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

"आक्का," मी म्हटलं, "तुमच्या अंगात जे झालं ते औषधानं झालं. त्यात काजऱ्याचा अर्क होता. तीन येळला घ्यायचा तो एका येळला पोटात गेला. तुम्ही एकदाच जेवता हे मी इचारायला पायजे होतं. इचारलं न्हाय. चूक माझी हाय."

एक म्हातारा विणकर मान पुढं काढून म्हणाला, "म्हंजे तुम्ही विख दिलासा म्हणा की."

"व्हय," मी म्हटलं. "दिलं."

कुणीतरी शिवी हासडली. ती मला पोचली आणि मी ती ठेवून घेतली. तेवढ्यात आत हालचाल झाली. गंगाक्का कोपरावर जोर देऊन उठून बसली होती. तीन दिवसांत तिनं पहिल्यांदा कुणाकडं तरी तोंड केलं होतं.

"देवानं न्हवं केलं?"

"देवाचा काय संबंध न्हाय आक्का. माझा हाय."

"देव रागावला न्हाय माझ्यावर?"

"न्हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मग माझा परशा हाय?"

हे सरकारलाही ठाऊक नव्हतं. मी औषधापुरता तिथं गेलो होतो. सोप्यातले सगळे माझ्याकडं बघत होते, मघाशी शिवी देणाराही. खरं काय ते सांगायचं तर म्हणायला हवं होतं, आक्का, मला ठाऊक नाही.

"व्हय," मी म्हटलं. "हाय."

तिनं डोळे पुसले आणि जावेला हाक मारली, "भात हाय काय गं?" ती जेवली. माझ्यादेखत, हळूहळू, एकेक शीत चावत. मग मी बरोबर नेलेल्या नव्या बाटलीतला एक डोस तिला दिला. त्यात कुचला नव्हता, आणि दिवसाला डोस एकच.

डॉक्टर म्हणाले त्याप्रमाणे काही दिवस शहापूरची माणसं आली नाहीत. मग एकेक करून परत आली. चूक कबूल करणारा माणूस त्यांना बिनचूक माणसापेक्षा बरा वाटला असेल. त्यानंतर मात्र बाटली हातात देण्याआधी मी प्रत्येकाला विचारायचो, जेवता किती वेळा? कधी? उपास कुठला? लोक चेष्टा करायचे, कंपाउंडर जेवायला बोलावतोय काय म्हणून. करू देत. पट्टीवर लिहिण्याआधी माणूस विचारायचा असतो, ही विद्या मला गंगाक्काच्या गल्लीत मिळाली, आणि ती मी पुढं आलेल्या प्रत्येक नव्या कंपाउंडरला दिली.

पण त्या "व्हय"चं काय करायचं ते मला कळेना. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी कुणाला साधी पुडीही दिली नव्हती. गंगाक्का दर पंधरवड्याला भर दुपारी यायची, जेवण झाल्यावर, बाटली पदराखाली धरून. अंगावर थोडं रक्त दिसायला लागलं होतं. परशाबद्दल तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. तिचा विश्वास बसला होता ना. मी मात्र तिच्या डोळ्यांकडं न बघता मापाकडं बघत औषध ओतायचो. लढाई संपली. उचगाव, कंग्राळी, हिंडलगा, सगळीकडची पोरं परत येऊ लागली. कुणाचा हात नव्हता, कुणाचा नुसता सांगाडा, पण आली. कुणाच्या घरी नुसता कागद आला. गंगाक्काकडं दोन्हींतलं काही आलं नाही, आणि मी दर पंधरवड्याला तिच्या बाटलीवर पट्टी चिकटवत राहिलो.

एके दिवशी सकाळी दवाखाना नुकताच उघडत होतो. डॉक्टर यायचे होते, झाडलोटही झाली नव्हती. खिडकीची फळी बाजूला केली तर समोर गंगाक्का उभी. डोक्याला तेल, धुतलेलं लुगडं. बाटली आणलेली नव्हती.

"आक्का, एवढ्या सकाळी? दुपारी येता न्हवं?"

"सांगाय आले," ती म्हणाली. "जेवून आले, कंपाउंडर. दोघं बसून जेवलो."